यादीतलं शेवटचं घर

जपानमधल्या निईगाताच्या डोंगरातल्या त्या गावात कुठल्या गल्लीतला बर्फ आधी काढायचा, हे यंदा पालिकेतल्या तेत्सुरोने रचलेलं गणित ठरवणार होतं. एकटे राहणारे दुखणाईत म्हातारे आधी, म्हणजे अँब्युलन्स दारापर्यंत पोचेल. आणि सगळ्या गावाला सरासरी कमीत कमी वाट पाहावी लागेल असं. गणिताने पहिलं घर काढलं ते नेमकं त्याच्या आईचं.

"वा! गणितालासुद्धा वशिला कळतो म्हणायचा," शेजारच्या टेबलावरचे सहकारी इगाराशी हसले.

तेत्सुरोचे कान तापले. त्याने आईची गल्ली स्वतःच्या हाताने उचलून यादीत सगळ्यात शेवटी टाकली.

"बरं केलंस, बाळा," आई फोनवर म्हणाली. "गावाने नावं ठेवली असती. माझं काय, चहा घेत बसेन. छातीत जरा भरल्यासारखं होतंय, पण ते रोजचंच."

त्या आठवड्यात सलग तीन दिवस बर्फ पडत राहिला.



सोमवारी गणिताने रहिवाशांच्या ताज्या नोंदीवरून नवा क्रम काढला. गावाची वाट पाहण्याची सरासरी वेळ एका मिनिटाने कमी झाली होती. शेवटचं घर आता यादीत नव्हतं.