बारा नंबरचं यान

नूरुद्दीनला काही केल्या कळेना, दुआ नक्की कशाची मागायची.

पहाटेची नमाज पढून उठला आणि अबुधाबीच्या हॉस्पिटलमधून फोन आला. किडनी मिळालीय, लगेच निघा, पण तुम्ही दुसऱ्या नंबरवर आहात. पहिल्या पेशंटच्या रक्ताशी जुळली नाही, किंवा त्याला ऐन वेळी ताप-बीप निघाला, तरच तुम्हाला. तोवर तोंडात पाण्याचा थेंबही नको. मुलगा शाहबाजनं अल मनखूलच्या घरून गाडी अशी हाणली की वाटेत दोनदा कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला. आणि आता साडेआठ वाजले तरी सगळे वेटिंग रूममध्ये बसून.

तीन वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. रास अल खैमाच्या टाइल्सच्या फॅक्टरीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस, आता एक जिना चढला की धापा टाकतो. किडनी हवी होती हो, कुणाला नको असते? पण ती मिळायची तर दुसऱ्या कुणाचं तरी फिसकटायला हवं. अशी दुआ मागतात का कुठं? आणि मागायची नाही, तर मग इथं उपाशी बसायचं तरी कशाला?

शनिवार होता, म्हणून नात इनाया हट्टानं बरोबर आली होती. तिच्या मांडीवर शाळेच्या प्रोजेक्टचा चार्ट आणि एक पुस्तक. माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरवायचा होता तेव्हा तारखा कशा लावल्या होत्या, हा विषय. पोरगी इंग्रजीत बोलते, आजोबा मराठीत, आणि दोघांचं मस्त जमतं. तिनं समजावलं की जुलैत अकरा नंबरचं यान जाणार. ते उतरू शकलं नाही, तर सप्टेंबरात बारा नंबर. तेही हुकलं तर नोव्हेंबरात तेरा. अकरा उडालं तेव्हा बारावाले तयारीतच होते.

"मग ते बारावाले मनात काय मागत असतील गं?" नूरुद्दीननं विचारलं.

इनायानं पुस्तक पुढून मागून चाळलं. "दॅट्स नॉट इन द बुक, दादा."

झालं. पुस्तकवाल्यांनाही ठाऊक नाही, तिथं नूरुद्दीनची काय कथा.

नूरुद्दीनची मराठी ऐकून समोरच्या बाकावरची बाई उठून शेजारी येऊन बसली. विभावरी नाव, पुण्याची, राहायला अल बर्शात. नवरा दत्तप्रसाद, त्याला सकाळी सातला आत नेलंय, किडनी बसवायचीय म्हणाली. पहिला नंबर म्हणजे एक नंबर होता तोवर ठीक होतं. आता त्याला नाव आलं, बायको आली.

बाईनं एकदा त्याच्या मनगटावरच्या हॉस्पिटलच्या पट्टीकडे पाहिलं. पिशवीतून थर्मास काढला, झाकण फिरवलं, आणि काय वाटलं कोण जाणे, तसाच बंद करून आत ठेवला. नूरुद्दीनला नवल वाटलं. मराठी बाई, शेजारी येऊन बसते आणि चहाचं विचारत नाही? काळजीत असेल बिचारी, असं त्यानं मनाला सांगितलं.

मग ती हळूच म्हणाली, "काका, माझ्या नवऱ्यासाठी दुआ कराल?"

आता बोला! मागायला आली ती कुणाकडे! मीच तो दुसरा नंबर, असं सांगून टाकावं की काय, त्याला समजेना. शाहबाज कळवळून बापाकडे बघत राहिला. शेवटी नूरुद्दीननं नवऱ्याचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि हात वर केले. सुरुवातीला नुसते ओठ हलले. मग दत्तप्रसादला शिफा दे, त्याचं नीट होऊ दे, असं तो खरोखरच मागू लागला. डोळ्यांत पाणी आलं. ते दत्तप्रसादसाठी की स्वतःसाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

साडेअकराला नर्स आली. किडनी पहिल्या पेशंटला जुळली होती, ऑपरेशन सुरू झालं होतं. अंकल, खलास, घरी जा, आराम करा, असं ती हसून म्हणाली. शाहबाजचा चेहरा पडला. नूरुद्दीनलाही वाईट वाटलं, वाटणारच. परत सोमवारी डायलिसिस, परत फोनची वाट.

इनाया चार्टची गुंडाळी करत होती. "बट ट्वेल्व्ह ऑल्सो वेंट, दादा," ती म्हणाली. "इन नोव्हेंबर. दे लँडेड टू."

अकरा उतरलं होतं, मग बारा कशाला गेलं, हे विचारायचं त्याच्या मनात होतं. तेवढ्यात विभावरीनं थर्मास पुन्हा काढला. कपात अर्धाच चहा ओतून तिनं त्याच्या हातात दिला. मग डबा उघडून उपमा पुढं केला.

"खा काका. मीठ अगदी बेताचं आहे, चहाही मोजूनच दिलाय, चालेल तुम्हाला. सकाळपासून उपाशी आहात."

उपाशी असल्याचं तर त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं बेटा, त्यानं विचारलं.

तिनं त्याच्या मनगटावरच्या पट्टीला बोट लावलं.

"मागच्या मार्चमध्ये अशीच पट्टी आमच्या हातात होती. आम्हीही दुसऱ्या नंबरवर होतो," ती म्हणाली. "पण पहिल्या नंबरवाल्यासाठी दुआ करा, असं मला तेव्हा कुणी म्हणालं नाही, काका. मी दिवसभर भलतंच मागत बसले."