हजेरी क्रमांक सतरा

वृंदाताईंनी शाळेचं वसंत वार्तापत्र मुख्याध्यापिकांच्या टेबलावर आपटलं. सहलीच्या फोटोंखाली आरोग्यवार्ता होती: 'सातवी ब, हजेरी क्रमांक सतरा. बाकातल्या सेन्सरच्या अंदाजानुसार पहिली पाळी येत्या सोमवारी. अभिनंदन.'

"बाकाला कळलं म्हणून गावभर सांगायचं? मी अजून माझ्या लेकीशी बोललेसुद्धा नव्हते. तिला हे वर्गातल्या मुलांनी सांगितलं."

"आम्ही नाव कुठे छापलंय?" मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या. "ओळख गुप्तच ठेवतो आम्ही."

"आणि रोज हाक कशाने मारता, बाई?"

शेजारच्या वर्गात सातवी 'ब'ची हजेरी सुरू होती. "पंधरा." "हजर." "सोळा." "हजर." "सतरा."

अख्खा वर्ग हसला. वृंदाताई कान देऊन थांबल्या. लेकीचा आवाज काही फुटला नाही.