नखी

भावजयीने रायफलचा बोल्ट मागे ओढला, पण रिकामं काडतूस नळीतून बाहेर यायला तयार नव्हतं. जेवणाच्या सुट्टीनंतर निवड चाचणी होती आणि संघात एकच जागा उरली होती. त्या जागेवर डोळा असलेली दुसरी नेमबाज म्हणजे तिची थोरली नणंद. आणि अख्ख्या क्लबात बंदूक दुरुस्त करणारं माणूसही तीच. शेवटी मनाचा हिय्या करून भावजय तिच्या वर्कशॉपमध्ये गेली.

नणंदेने बोल्ट भिंगाखाली धरला. काडतुसाची कड पकडून त्याला बाहेर खेचणारी तांदळाएवढी नखी झिजली होती, वर कुणीतरी ती पकडीने वाकवलीही होती.

"माझ्या भावाचा हात लागलाय ना याला?"

भावजयीने मान डोलावली. घरातला गळका नळसुद्धा त्याच्यापासून लपवून ठेवावा लागतो, हे दोघींनाही ठाऊक होतं.

आज जमणार नाही, एवढं म्हटलं असतं तरी नणंदेला कुणी बोल लावला नसता. तिने जेवणाचा डबा बाजूला सारला, पोलादी पट्टीचा तुकडा टेबलावरच्या शिकंज्यात आवळला आणि कानस चालवायला घेतली. दोन हात कानशीचे, मग भिंग, की पुन्हा कानस. तयार नखी लालबुंद तापवून तेलात बुडवली, घासली, निळी झाक येईपर्यंत परत शेकली. बोल्टमध्ये बसवून नकली काडतूस भरलं आणि ओढलं, तर ते टुणकन बाहेर उडालं. भावजय नुसती बघत राहिली. असा हात आपल्याला सात जन्मांत यायचा नाही, असं तिला वाटलं आणि ही बाई आपल्या घरची आहे याचा अभिमानही वाटला.

"ताई, मी जिंकले तर?"

"तर जिंक. काडतूस अडकलं म्हणून हरलीस, तर मला झोप लागायची नाही."

जागा भावजयीला मिळाली, तीही एका गुणाने. आनंद तर पोटात मावत नव्हता, पण नणंदेकडे बघायचा धीर होईना.

नणंदच तिच्याकडे आली. निकालाच्या फळ्याकडे तिने पाहिलंही नाही. वाकून जमिनीवरचं एक रिकामं काडतूस उचललं, उजेडात धरलं आणि त्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. कपाळाला आठी पडली.

"नखी जरा जास्तच ओरबाडतेय. स्पर्धेला जायच्या आधी घेऊन ये, आणखी एक हात फिरवते."