फुकटचा हत्ती

डाव जिंकूनही वकिलाला चैन पडेना.

कोर्टाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो शाळेची बस चालवायचा. डाव संपला तरी त्यावर तासभर युक्तिवाद करायचा, म्हणून गॅरेजातल्या लोकांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. त्याच्यासमोर रोज खेळायला बसायचा तो भोंगा. तोही त्याच शाळेचा ड्रायव्हर. त्याचा आवाज असा, की हॉर्न बिघडला तरी गाडी अडू नये. सकाळी पोरं शाळेत सोडली की दुपारच्या फेरीपर्यंत दोघांना वेळच वेळ. जुन्या टायरांवर फळी टाकून, शेजारी घड्याळ ठेवून ते बुद्धिबळाचे पाच-पाच मिनिटांचे झटपट डाव खेळायचे. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

आज भोंगा हरला, पण नेहमीसारखा चिडला नाही. वकिलाकडे नुसता बघत राहिला. काय झालं म्हणून विचारलं, तर काही नाही म्हणत सोंगट्या डब्यात भरू लागला. दुपारी वकील बस मागे घेत होता, तेव्हा हा आपली गाडी सोडून खांबापाशी येऊन उभा राहिला आणि डावीकडे बघ, डावीकडे बघ म्हणून ओरडत सुटला. वकिलाला राग आला. आपण काय कालच स्टिअरिंग हातात धरलं?

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने जेवणाच्या टेबलावर पट मांडला. झालेला डाव त्याला पाठ असायचा. आपल्या बाजूने त्याने तो दोनदा खेळून पाहिला. कुठे काही खटकलं नाही. मग भोंग्याच्या नजरेने बघावं म्हणून पट फिरवला, तसा तो चमकला.

त्याचा स्वतःचा हत्ती कोपऱ्यात उघडा पडला होता. भोंग्याचा उंट तिरक्या रेषेत थेट त्याच्यावर रोखलेला. मध्ये साधं प्यादंसुद्धा नव्हतं. हत्ती फुकट मिळत होता, आणि तो गेला असता तर वकिलाचा डाव तिथेच आटोपला असता. भोंग्याने तो मारलाच नाही. उगाच एक प्यादं पुढे सरकवलं.

बायको समोर बसून शर्टाला बटण लावत होती. ती म्हणाली, घाईत राहिलं असेल, तुमचं नाही का राहत?

"एखादी चाल राहील. हा हत्ती कितीतरी चाली तसाच उभा होता."

आपला हत्ती उघडा पडला याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. झटपट डावात तेवढं चालायचंच. पण भोंगा म्हणजे फुकटचं प्यादंही न सोडणारा माणूस. त्याने कालचा डाव मांडला, मग परवाचा, आठवला तेवढा. काल घोडा, परवा पुन्हा हत्ती. दर वेळी पट भोंग्याच्या बाजूने फिरवला, आणि दर वेळी सोडून दिलेली सोंगटी भोंग्याच्या उजव्या हाताला निघाली. डाव्या हाताला मात्र तो काही म्हणजे काही सोडत नव्हता.

बायकोची सुई थांबली. तिला तिचे मामा आठवले. त्यांचे डोळे शाबूत होते, पण मेंदूतल्या कुठल्याशा शिरेने एक बाजू दिसेनाशी झाली होती. ताटातलं अर्धं तसंच राहायचं. विचारलं तर म्हणायचे, मला सगळं दिसतं.

"मामा घरात बसून होते," वकील म्हणाला. "याच्या गाडीत पोरं असतात."

त्या रात्री त्याला झोप अशी लागलीच नाही. सांगावं तर मित्राच्या पोटावर पाय. भोंग्याची निवृत्ती जवळ आली होती, घरात आजारी आई होती. न सांगावं तर उद्या वळणावर काय होईल, हे डोळ्यांसमोर येऊन तो उठून बसायचा. आधी भोंग्यालाच सांगावं असंही मनात आलं. पण तो मामांसारखाच बोलणार, आणि वर महिनाभर अबोला धरणार.

सकाळी गॅरेजात आला तर त्याच्या बसचा डावा आरसा पुन्हा वाकलेला. गाड्या धुणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत त्याने तो सरळ केला आणि निघाला.

फेरी संपवून तो परतला. टायरांवर फळी होती, पट नव्हता. बरंच झालं, म्हणून तो गाड्यांचा कारभार बघणाऱ्या मॅडमच्या खोलीकडे वळला. जिन्यात भोंगा वरून उतरताना भेटला. एरवी याचा आवाज तीन खोल्यांत जायचा. आज नजर चुकवून, भिंतीला लागून खाली गेला. बिचाऱ्याला स्वतःलाच संशय आला असेल.

मॅडमसमोर उभं राहून त्याने सगळं सांगितलं. उंट, हत्ती, उजवी बाजू. मान वर करायचं धाडस झालं नाही. त्याला काढू नका म्हणाला. आधी तपासून घ्या, गरज पडली तर ऑफिसात बसवा, पण गाडी देऊ नका. चुगली नाही ही, मॅडम, तो माझा सख्ख्या भावासारखा आहे.

मॅडमनी खुर्ची पुढे सरकवली.

"बसा. आणि तुमच्या गाडीची किल्ली तेवढी इथे ठेवा."

"माझ्या?"

"ते आत्ता तुमच्याबद्दलच सांगायला आले होते," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणाले, त्याच्या डाव्या हाताची सोंगटी रोज उघडी पडते, त्याला दिसतच नाही, आणि मला ती मारवत नाही."