कोकराचं घुंगरू

"लांडगा हा माळाचा राखणदार आहे," हे सरांनी शिकवलेलं भाषण सोनम सोलापूरच्या स्पर्धेसाठी रोज मेंढरांपुढं म्हणायची आणि बाप घोंगडीवर डोळे मिटून ऐकायचा. आज तिचंच लाडकं कोकरू लांडग्यानं नेलं. बापानं कुऱ्हाड उचलली, दोघं माग काढत निघाली. दुपारच्या झळांत माळ स्वप्नासारखा तरंगत होता. पुढं धावलेल्या सोनमनं ओढ्याच्या काठावरून वाकून पाहिलं. खाली बिळापाशी लांडग्याची दोन पिल्लं कोकराच्या गळ्यातल्या घुंगराशी खेळत होती. ते वाजलं की दचकायची, पुन्हा पंजा मारायची. रडता रडता तिला हसू फुटलं. मागून बापानं विचारलं, "घुंगरू कुटं वाजतंय गं?" "झुडपात अडकलंय, आबा. वाऱ्यानं वाजतंय." बाप कान देऊन थबकला, मग कुऱ्हाड खांद्यावर टाकून वळला. "व्हय की. लई वारं सुटलंय." माळावर गवताचं पातंही हलत नव्हतं.