दोन कुलपं

दाराला दोन कुलपं होती. वरच्या कडीला वकीलसाहेबांचं, खालच्या कडीला मास्तरांचं. दोघं एकाच पक्षाचे पुढारी, आणि पक्ष फुटल्यापासून दोघंही त्याचे अध्यक्ष. आदल्या संध्याकाळी बैठकीत हमरीतुमरी झाली. कचेरी दुसऱ्याच्या ताब्यात जायला नको म्हणून दोघांनी आपापलं कुलूप ठोकलं आणि घरी जाऊन जेवले. त्याच कचेरीत दिवसा पाळणाघर चालतं, हे जेवताना कोणाला आठवलं नाही.

सकाळी मुलं पायऱ्यांवर बसली होती आणि त्यांच्या आया कामाला निघायच्या कपड्यांत ताटकळत होत्या. पाळणाघर चालवणारी मावशी एका तान्ह्याला खांद्यावर थोपटत होती. मावशी पक्षाची पहिल्या दिवसापासूनची सभासद. पक्षानं लोकांसाठी केलेल्या कामांतलं टिकलेलं हे एकच, असं ती म्हणायची, आणि तिचं म्हणणं कोणी खोडून काढत नसे.

"मावशी, आज उशीर झाला तर माझी नोकरी गेली समजा," तान्ह्याची आई म्हणाली. ती नर्स होती. "मागच्याच आठवड्यात ताकीद मिळालीय."

"वेळेवर जाशील तू. दोघांना निरोप धाडलाय."

दोघं आले. मागे आपापली माणसं घेऊन आले आणि एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले.

"मी आत्ता उघडतो," वकीलसाहेब म्हणाले. "आधी त्यांनी आपलं काढावं."

"माझीही तयारी आहे," मास्तर म्हणाले. "आधी त्यांनी."

"मग दोघंही एकदम काढा की," नर्स म्हणाली.

"एकदम काढलं तर दोघांचा हक्क सारखा ठरतो," वकीलसाहेब म्हणाले. मास्तरांनी मान डोलावली. बऱ्याच महिन्यांत त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावर.

मग मास्तर जरा पुढे सरकले. "मावशी, तुम्ही आमच्यात सगळ्यांत जुन्या. खरा पक्ष कोणाचा, ते तुम्हीच चारचौघांत सांगून टाका. प्रश्न इथंच मिटेल."

"भांडण कशावरून आहे, मास्तर?"

"तत्त्वावरून."

"आणि तुमचं, वकीलसाहेब?"

"तत्त्वावरूनच."

"बरं," मावशी म्हणाली.

"मी एका पक्षाला मत दिलं होतं," नर्स म्हणाली. "ते आता तुमच्यापैकी कोणाकडे आहे?" तिच्या आवाजात राग नव्हता. टपालात हरवलेल्या पार्सलची चौकशी करावी तसं तिनं विचारलं.

हिच्या दारात मत मागायला आपणच गेलो होतो, हे मावशीला आठवलं. तिला शरम वाटली. अगदी मनापासून वाटली, आणि त्यानंतर तिचं डोकं एकदम स्वच्छ झालं. तिनं दाराकडे नीट पाहिलं. हे दार पूर्वी आत उघडायचं. रांगणाऱ्या एका मुलीला फळी लागली, तेव्हा मावशीनंच हट्ट धरून ते बाहेर उघडणारं करून घेतलं होतं. बिजागऱ्या त्यामुळे बाहेरच्या अंगाला आल्या होत्या. पुढारी इतकी वर्षं याच दारातून आत-बाहेर करत होते, पण दाराकडे बघायचं त्यांना कधी काम पडलं नव्हतं.

नातवाला सोडायला आलेला सुतार पिशवी काखेला लावून उभा होता.

"पेचकस आहे ना रे?" मावशीनं विचारलं. "या बिजागऱ्या काढ."

"पक्षाचं दार आहे, मावशी. उद्या माझ्यावर खटला घालतील."

"कुलपाला बोटसुद्धा लावू नकोस. तंटा कुलपांचा आहे. बिजागऱ्यांवर अजून कोणी हक्क सांगितलेला नाही."

सुतार हसला आणि त्यानं पिशवी खाली ठेवली. वकीलसाहेबांनी तोंड उघडलं. मग बिजागऱ्यांविषयी नेमकं कोणतं कलम लागतं, याचा विचार करत ते तसेच राहिले. मास्तर म्हणाले, "हे शिस्तीला धरून नाही." मावशीनं त्यांच्या हातात तान्हं मूल दिलं आणि ती सुताराला दाराचा भार पेलायला मदत करू लागली. बाकीच्या आयाही पुढे झाल्या.

रंगाखाली दबलेले स्क्रू कुरकुरत निघाले. दोन्ही फळ्या चौकटीतून एकत्रच बाहेर आल्या, कारण मधली कुलपं त्यांना सोडत नव्हती. बायकांनी ते सगळं धूड उचलून गल्लीपलीकडच्या भिंतीला टेकवलं. पायऱ्यांवरची मुलं आत पळाली. नर्सनं मास्तरांकडून आपलं बाळ घेतलं, मावशीकडे दिलं आणि झपाझप चालू लागली.

"पण मावशी, कचेरी पक्षाची आहे," वकीलसाहेब म्हणाले. "आणि दाराशिवाय रात्री कसं काय?"

"संध्याकाळपर्यंत हा नवं दार बसवेल. किल्ली माझ्याकडे राहील," मावशी म्हणाली. "तुमचं दार त्या भिंतीशी आहे. कुलपं शाबूत आहेत, तपासून घ्या. आधी कोणी उघडायचं ते आता सावकाश ठरवा, कोणाचा खोळंबा नाही."

ती आत गेली. आतून मुलांचा गलका आणि भांड्यांचा आवाज येऊ लागला.

दुपारी ती पाणी टाकायला बाहेर आली, तेव्हा पुढाऱ्यांची माणसं पांगली होती. ते दोघं मात्र खिशातल्या किल्ल्या मुठीत धरून भिंतीशी त्या दारासमोर उभे होते. आधी निघून कोणी जायचं, ते ठरत नव्हतं.