सव्वाचारचे पत्रक

रुमानियात प्रत्येक टाइपरायटरच्या अक्षरांचा नमुना दर वर्षी ठाण्यात द्यावा लागे; म्हणूनच सरकारविरोधी पत्रकाचा धनी तासाभरात सापडे. गुप्त पोलिसांच्या तळघरात कॅप्टन मोकानूने अशाच एका धन्याची, द्रागोमिर मास्तरांची, आठ बोटे हातोडीने ठेचली होती. जप्त केलेले यंत्र समोरच टेबलावर होते.

तरीही हवालदार स्टेलियान नवे पत्रक घेऊन आला. "साहेब, पावाच्या रांगेत सापडलं. अक्षरं ह्याच यंत्राची आहेत, आणि शाई अजून ओली आहे."

"काय मास्तर, तुमच्या माघारी कोण बडवतंय हे?"

मास्तर रक्त थुंकून हसले. "हात बघा की माझे, साहेब. शंका असेल, तर उरलेली दोन बोटंही तपासून घ्या."

मोकानूने पत्रक वाचले. 'आज सव्वाचार वाजता कॅप्टन मोकानूने द्रागोमिर मास्तरांचे डोके फोडले. ते जागीच मेले.'

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून चौदा मिनिटे झाली होती.

"खोटं पाडतो हे," तो पुटपुटला. मास्तर मिनिटभर जगले, तरी पुरे होते. हातातली हातोडी खाली ठेवावी म्हणून तो मूठ सैल करू लागला.

मूठ सुटेना. हात मात्र सावकाश वर जाऊ लागला.